तारकासामन्यातला बचाव

२१ जानेवारी, बुधवार

तारकासामन्याचं भूत यंदाही वेळेवर मानगुटीवर बसलं. तालुक्यातल्या हौशी बास्केटबॉल संघांमधले निवडक खेळाडू, उत्तर विरुद्ध दक्षिण, सोळा फेब्रुवारीच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, शाळेच्या व्यायामशाळेत. निवड वाचकांच्या मतांनी. मतपत्रिका आमच्या साप्ताहिकात छापून येते. कापायची, नावं भरायची, दुकानातल्या पेटीत टाकायची.

आणि मग ही निवडक मंडळी दोन तास एकमेकांना वाट करून देतात. कारण तारकासामन्यात अडवायचं नसतं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या लाउकेनाय गावात पोर चालायला लागायच्या आधी त्याला हे कळतं. जो बास्केटच्या कडीला लटकेल त्याला टाळ्या. जो समोर हात वर करेल त्याच्याकडे लोक असे बघतात, जणू तो लग्नात नवरीचं ताट ओढून जेवायला बसला.

वाल्देमारासचा फोन आला. लीगचा अध्यक्ष, चीजच्या कारखान्याचा व्यवस्थापक, आणि शाळेत माझ्या शेजारी बसून माझंच गणित चुकीचं उतरवणारा. म्हणाला, "पंडिता, यंदा पाहुणा म्हणून रिमविदास येतोय! साक्षात! झकास लिही काहीतरी. तुझ्या त्या तिरक्या जिभेने नको."

राजधानीत, विल्नियसला जाऊन तीन वर्षं संस्कृत शिकलो, ही गोष्ट या गावाने मला अजून माफ केलेली नाही. रिमविदास एके काळी राष्ट्रीय संघात होता. आता फक्त पोट राष्ट्रीय पातळीचं राहिलंय. दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या तालुक्यात तारा म्हणून उगवतो, घटाघटा पितो आणि मावळतो.

झकास लिहितोच.

२३ जानेवारी, शुक्रवार

लेख छापून आला. 'हात खाली ठेवणाऱ्यांचा खेळ'. लिहिलं की, ज्या सामन्यात कोणी अडवत नाही तो सामना नव्हे, ती वरात. लिहिलं की, या तालुक्यातला सर्वांत चांगला खेळाडू आजवर एकदाही तारकासंघात आलेला नाही, कारण तो गुण करत नाही, दुसऱ्यांना करू देत नाही. एइमुतिस. वय सव्वीस, दुग्धशाळेचा टँकर चालवतो, दुग्धशाळेच्याच संघातून खेळतो. सामन्यात त्याचे चार गुण होतात. पण तो ज्याच्या मागे लागतो, तो त्या दिवशी उपाशी घरी जातो. टाळ्या मात्र कडीला लटकणाऱ्या माकडांना.

'माकडं' हा शब्द कोर्नेलियाबाईंनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, खोडला. मी छापखान्यात जाऊन परत घातला.

स्किर्मान्तेने लेख दोनदा वाचला. बालवाडीत शिकवणारी माझी मुलगी. आजवर बापाच्या लेखांत मासे गुंडाळत आली. आज म्हणाली, "चांगलाय बाबा. पण तो सव्वीसचा नाहीये, पंचवीसचा आहे." तपशिलाबद्दलची ही आस्था माझ्याकडून आली असणार. तिच्या आईला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नसे.

३० जानेवारी, शुक्रवार

मतमोजणी झाली. दक्षिणेच्या यादीत एइमुतिस तिसरा! वाल्देमारासने पेटी दोनदा उपडी करून पाहिली. चेहरा असा, की त्याच्या चीजमध्ये कोणीतरी भोकं पाडायचं विसरलं.

लेखणीत अजून दम आहे. मी लिहिलं आणि हे गाव, जे बटाट्याच्या भावाखेरीज काही वाचत नाही, ते कात्री घेऊन बसलं. आमच्या घरात आलेल्या सगळ्या प्रतींना खिडक्या पडल्यात. स्किर्मान्ते म्हणते, बालवाडीत कातरकाम चालू आहे. इवल्या वयात मुलांच्या हातात वर्तमानपत्र देते, याचं कौतुक केलं. ती जरा लाजली.

हल्ली ती संध्याकाळी मफलर विणते. हिरवा-पांढरा. मला जरा लांबच होईल, पण दोन वेढे जास्त घेईन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज एइमुतिस कार्यालयात आला. दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच उभा राहिला. आभार मानायला आलो म्हणाला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "काका, दुग्धशाळेने माझी दुधाची फेरी बंद केली. टँकर विकला. एकवीस तारखेचं नॉर्वेचं तिकीट काढलंय. माशांच्या कारखान्यात."

माझं टाळकंच सटकलं. "आणि बास्केटबॉल?"

"तिथे काय, मासे अडवीन."

अख्खा तालुका असाच विमानांत बसून चाललाय. ही मंदी आल्यापासून तर शाळेत वर्ग भरत नाहीत, चर्चमध्ये पाद्री खांबांना प्रवचन देतो. स्किर्मान्तेची आई आयर्लंडला एका हंगामासाठी अळंबी खुडायला गेली. तो हंगाम अजून चालू आहे. आणि आता हा! सरकारला लाज नाही, दुग्धशाळेला लाज नाही, आणि जाणाऱ्यांनाही नाही.

तो गेल्यावर लगेच ब्रोन्यूसना फोन लावला. दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या एका व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक. राजधानीत असताना ओळख झाली होती. म्हटलं, तुमच्याकडे माणूस हवाय ना? ते म्हणाले, "एक जागा आहे. पुढच्या हंगामापर्यंतचा करार, राहायला खोली. पण मला उड्या मारणारा नकोय, पोविलास. कोणाच्या तरी मागे चिकटून राहील असा हवाय. तारकासामन्यात तसलं काय दिसणार?"

"या माणसाचं दिसेल," मी म्हटलं.

"बरं, येतो."

एइमुतिसला कळवलं. म्हणाला, "तसं झालं तर जायला नको." घरी येऊन स्किर्मान्तेला सांगितलं, तर ती उठून माझ्या गळ्यातच पडली. देशी खेळांबद्दल एवढी कळकळ आजकालच्या पिढीत दुर्मिळ.

८ फेब्रुवारी, रविवार

वाल्देमारासने बियरला बोलावलं. लसूण लावून तळलेला काळा पाव समोर ठेवला आणि मुद्द्यावर आला.

"तुझ्या त्या दूधवाल्याला समजावून सांग. सन्मानाची बास्केट माहितीये ना?"

कोणाला माहीत नाही? दुसऱ्या सत्राच्या शेवटी खेळ थांबतो. सगळे खेळाडू हात मागे बांधून दोन रांगांत उभे राहतात, अकॉर्डियन वाजतं, पाहुणा मधून चेंडू आपटत जातो आणि बास्केट करतो. मग यजमान त्याला मधाच्या मद्याचा पेला देतो. प्राचीन भारतात पाहुण्याला मधुपर्क देत. पण तिथे पाहुण्याने आधी काही कमावलेलं असे.

"त्याने उभं राहायचं. बस्स," वाल्देमारास म्हणाला. "बाकी खेळात थोडंफार अडवलं तर हसून सोडून देऊ. पण तिथे नाही. रिमविदासचे गुडघे गेलेत, पंडिता. त्याला ती एक बास्केट मिळते, तेवढ्यासाठी तो येतो."

"मग त्याला घरीच एक कडी बसवून द्या ना. खाली."

"तू ना, लहानपणापासून असाच. स्वतः कधी मैदानात उतरला नाहीस, आणि कडेला उभा राहून दुसऱ्यांना पेटवायचास."

पावाचे पैसे मी दिले. याचं मीठ अंगावर नको.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्किर्मान्तेने एइमुतिसला जेवायला बोलावलं. म्हणाली, "तुझ्या लेखाचा नायक आहे, एकदा घरी यायला नको?" सूचना चांगली होती, मलाच कशी सुचली नाही? तिने बटाट्याचे गोळे केले, आत मांस भरून, वर साय. एरवी रविवारीसुद्धा करत नाही. कानात आईचे अंबरचे डूल घातले होते.

पोरगा कमी बोलतो. मीच बोललो. खेळातला बचाव, नीतिशास्त्र, जुन्या यज्ञांमधले ऋत्विज, पालिकेतली चोरी. दोघंही मन लावून ऐकत होती. मधेच एकमेकांकडे बघून हसत होती, माझ्या विनोदांना. बशा कुठे असतात ते त्याने न विचारता ओळखलं आणि बरोबर कपाट उघडलं. याला म्हणतात बचावपटूची नजर!

निघताना त्याने विचारलं, "काका, त्या सन्मानाच्या बास्केटला काय करू? वाल्देमारास म्हणतात, हात मागे."

स्किर्मान्ते चटकन म्हणाली, "हात मागे. झालं! एक मिनिटाचा तर प्रश्न आहे."

मला राग आला. म्हटलं, "तुला आयुष्यभर कोणी तारकासंघात घेतलं नाही, ते याच हात मागे बांधणाऱ्यांनी. तू खांब आहेस का? ब्रोन्यूस तुला बघायला येतायत, खांब बघायला नाही."

"बाबा, त्याला भरीला घालू नकोस."

"मी कोण घालणार? त्याला अक्कल आहे."

तो टोपी फिरवत उभा राहिला. "बघतो," म्हणाला.

मग स्किर्मान्तेने भांडी अशी आपटली, की वाटलं मद्याचा पेला आजच फुटतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजच लिहितो. राग उद्यापर्यंत ठेवला तर आंबेल.

व्यायामशाळा गच्च. ओल्या लोकरीचा वास, राष्ट्रगीत, भाषणं. ब्रोन्यूस वरच्या रांगेत कोट न काढता बसले होते. मी वार्ताहरांच्या टेबलापाशी, अगदी कडेला. वार्ताहर एकच.

पहिलं सत्र म्हणजे वरातच. अग्निशमन दलाच्या संघातला, लांबून बास्केट करणारा नेमबाज तुफान सुटला. कोणी त्याच्या वाटेला गेलंच नाही. दुसऱ्या सत्रात एइमुतिस उतरला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. नुसता उभा. गुडघ्यांत वाकून, हात पसरून, जसा लीगमध्ये राहतो तसा. नेमबाज हसला, डावीकडे वळला, समोर एइमुतिस. उजवीकडे वळला, एइमुतिस. मग हसणं थांबलं. लोकही आधी हसले, मग गप्प झाले, मग शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए दूधवाल्या, धारा काढायला आलास का?"

"सोड की त्याला, बायको बघतेय त्याची!"

नेमबाजाला तेवढ्यात एकही बास्केट करता आली नाही. मी वर पाहिलं. ब्रोन्यूसनी कोट काढला होता! पुढे वाकून बघत होते. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. स्किर्मान्ते दारापाशी दोन्ही मुठी तोंडावर धरून उभी होती.

मग शिट्टी वाजली. अकॉर्डियन सुरू झालं. दोन रांगा, हात मागे. रिमविदास मधल्या रेषेवरून निघाला, लोकांना हात करत, चेंडू हळूहळू आपटत. एइमुतिस रांगेत सगळ्यांत शेवटी, कडीच्या जवळ. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. एवढंच. मान हलवणं हा काही गुन्हा नाही. माणूस अकॉर्डियन ऐकतानाही मान हलवतो.

रिमविदासने चेंडू उचलला आणि एइमुतिस उडाला. डाव्या हाताने, स्वच्छ, बोटांच्या टोकांनी. चेंडू अकॉर्डियनवाल्याच्या मांडीवर पडला आणि अकॉर्डियनमधून जो आवाज निघाला, त्यानंतर कसलाच आवाज आला नाही.

वाटलं होतं, रिमविदास शिव्या देईल. तो नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "परत द्या मला चेंडू."

वाल्देमारासने एइमुतिसला दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता टेबलावर वाकला. "पंडिता, पिल्लू तुझं आहे. आता तूच सांभाळ."

रिमविदासला चेंडू परत दिला. चुकला. पुन्हा दिला. पुन्हा चुकला. लोक ओरडून त्याला धीर देत होते. त्याने तो जास्तच खचत होता. पुढचं मला पाहवलं नाही, म्हणून वहीत काहीतरी लिहीत बसलो. काय लिहिलं ते आता वाचता येत नाही. शेवटी एकदाची बास्केट पडली आणि छत उडेल एवढ्या टाळ्या झाल्या. पेला हातात घेतला, तेव्हा त्याचे डोळे ओले होते. सगळे म्हणाले, भारावून गेला.

एइमुतिस उरलेला वेळ बाकावर, टॉवेल डोक्यावर घेऊन. ब्रोन्यूस मध्यंतरालाच निघून गेले. बाहेर गाठलं, तर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत म्हणाले, "उद्या फोन करतो."

भेकड गाव. एकट्या रिमविदासला तेवढी लाज वाटली. बाकी कोणालाही नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रस्त्यावर झेंडे, आणि ब्रोन्यूसचा फोन.

"अडवलं झकास," म्हणाले. "असा पोरगा बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. नेमबाजाला त्याने पार गिळलं. तेवढ्यावर मी त्याला घेतला असता."

"मग घ्या!"

"शेवटची उडी मारण्याआधी त्याने तुमच्याकडे पाहिलं, पोविलास."

"म्हणजे?"

"मी वरून बघत होतो. त्याला मारायची नव्हती ती उडी. त्याने बाकाकडे नाही पाहिलं, संघाकडे नाही. तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही मान हलवलीत. ज्याला मैदानाबाहेरचा माणूस खेळवतो, त्याचं मी काय करू? उद्या आणखी कोणी मान हलवेल."

मी जे बोललो ते लिहीत नाही, वही जळेल. प्रशिक्षक म्हणे! निमित्त हवं होतं, दुसरं काय. रिमविदासबरोबर कधीतरी एका खोलीत राहिला असेल. या देशात सगळेच कधी ना कधी एका खोलीत राहिलेले असतात.

स्किर्मान्तेला सांगितलं. 'मान हलवलीत' हे सांगायची गरज नव्हती, पण संतापाच्या भरात तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कोट घालून बाहेर गेली. तिलाही फार लागलेलं दिसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिने सांगितलं. सूप वाढून झाल्यावर, चमचा खाली ठेवून.

"बाबा, मी एइमुतिसबरोबर जातेय. शनिवारी."

मला आधी वाटलं, विमानतळापर्यंत.

"नॉर्वेला. बालवाडीत राजीनामा दिला. सप्टेंबरपासून आम्ही... तुला खरंच कळलं नाही?"

मी म्हटलं, मी वार्ताहर आहे, मला सगळं कळतं. मग ओरडलो. काय काय ओरडलो! की तो खोटारडा आहे. की ती आईच्या वळणावर गेली. की माझ्या बटाट्यांवर, माझ्या छपराखाली. ती बसून राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ती जागा मिळाली असती तर आम्ही इथेच राहणार होतो," ती म्हणाली. "दोघांपुरती खोली बघून ठेवली होती. बसने तासाभरावर. दर रविवारी येणार होतो तुझ्याकडे."

"मग मी त्याच्यासाठी काय कमी केलं? लेख लिहिला, ब्रोन्यूसना आणलं—"

"तुला लेख खरा करून दाखवायचा होता, बाबा. त्याला फक्त काम हवं होतं."

"मग त्याने कशाला पाहिलं माझ्याकडे? त्याला स्वतःची अक्कल नाही?"

"आहे ना. तू माझा बाप आहेस, म्हणून पाहिलं. त्याला वाटलं, तुला आवडेल."

सूप तसंच राहिलं. चांगलं झालं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ब्रोन्यूसना पुन्हा फोन केला. आयुष्यात कोणापुढे हात पसरले नाहीत, आज पसरले. म्हटलं, चूक माझी. म्हटलं, मी तुमच्या व्यायामशाळेच्या आसपास फिरकणार नाही, हवं तर खेळावर लिहायचं सोडतो. ते बिचारे अवघडले. म्हणाले, जागा मंगळवारीच भरली. कोण? अग्निशमन दलाचा नेमबाज. "अडवणारा नाही मिळाला, मग म्हटलं, निदान गुण तरी करेल."

फोन ठेवला आणि खुर्चीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. कोर्नेलियाबाई दारातून म्हणाल्या, "तारकासामन्याचं वृत्त राहिलंय हो तुमचं. टाळ्यांचा उल्लेख असू द्या."

२१ फेब्रुवारी, शनिवार

जाणार नव्हतो. तिलाही तसं सांगितलं होतं. पण त्या पोराला चार गोष्टी सुनवायच्या राहिल्या होत्या. सकाळी दाढी करताना त्या जुळवून ठेवल्या. अगदी बांधेसूद, सुरुवात, मध्य, शेवट.

बसस्थानकावर दोघं एकाच बॅगेवर बसली होती. तो मला बघून उठला. हिरवा-पांढरा मफलर त्याच्या गळ्यात बरोबर बसला होता. म्हणाला, "काका, शिव्या द्या. द्याच."

मी तोंड उघडलं. त्या नेमक्या आणि जहाल चार गोष्टींपैकी एकही आठवेना. त्यामुळे जास्तच भडकलो आणि त्याच आवाजात ओरडलो, "ती झोपेत पांघरूण लाथाडते! लहानपणापासून! तिथे थंडी आहे, कळतंय का तुला? मधूनमधून उठून बघावं लागतं!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"बघतो," तो म्हणाला. "दर रात्री बघेन."

स्किर्मान्तेने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "घरी जाऊन काहीतरी खा," एवढंच म्हणाली.

बस अगदी वेळेवर सुटली. या देशात खतं उशिरा येतात, न्याय उशिरा येतो, रस्त्यांवरचं बर्फ मार्चमध्ये उचलतात. एक ही बस तेवढी, एक मिनिटसुद्धा थांबत नाही. सोमवारी परिवहन खात्याला कडक पत्र लिहिणार आहे.